कोई शक?

अंकवाल्या मित्रांनी कविता मागितली होती. कविता झाली नाही. महिनाभर डोक्यात दुसरंच चाललं होतं. तेच लिहून पाठवतोय. छापायचं तर छापा, नाहीतर स्टेन्सिल वाचवा.

माझा मामेभाऊ फौजेत आहे. नाईक आहे. दंडावर दोन फिती. कुठल्या पलटणीत, कुठल्या हद्दीवर, ते इथं लिहीत नाही. नोकरीतला माणूस आहे, त्याची भाकरी आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला दादा म्हणतो. मी त्याला आधी बारक्या म्हणायचो, आता नाईकसाहेब म्हणतो. त्यात थट्टा किती आणि मान किती, ते माझं मलाच माहीत नव्हतं. या महिन्यात कळलं.

तो छुट्टीवर आला तेव्हा मी सेकंड शिफ्ट करून पहाटे आडवा झालो होतो. भाईंदर पूर्वेला आमची बैठी चाळ. पत्र्याच्या दाराला त्यानं बुटाचं टोक लावलं. जयभीम झाला. आईनं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "दादा, माझं नाव बेळगावच्या कोर्सला लागलंय. मला शिकव."

मी म्हणलं, "मी? मी रोलिंग मिलमधला माणूस. नववीतनं सुटलेला. मी काय शिकवणार फौजीला?"

म्हणाला, "घरात पुस्तकं कुणाच्या उशाला आहेत? माझ्या का तुझ्या?"

कोर्स कसला ते आधी सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. फौजेत अफसर वेगळे. त्यांच्याखाली सुभेदार. आणि त्यांच्याही खाली, जवानांतूनच वर आलेले लान्स नाईक, नाईक, हवालदार. एक फीत, दोन फिती, तीन फिती. पायदळात दहाएक माणसांचा एक सेक्शन. तो यांच्या हातात. अफसर नकाशावर बोट ठेवतो, पण अंधारात त्या बोटाच्या जागी दहा माणसं चालवत नेणारा हा. या लोकांनी माणसं कशी न्यायची, हुकूम कसा द्यायचा, नकाशा कसा वाचायचा, हे शिकवायला पायदळाच्या शाळेची एक शाखा बेळगावात आहे. ज्युनियर लीडर्स विंग म्हणतात तिला. मुख्य शाळा महूला. महू म्हणलं की आपले कान टवकारतात. १४ एप्रिल १८९१. बाबासाहेब जन्मले ती लष्करी छावणी.

कोर्सला ग्रेड मिळते आणि ती कागदावर कायमची राहते. पुढची फीत मिळायची तर तो कागद बोलतो. म्हणून त्याला झोप नव्हती.

"धावण्याची काळजी नाही," तो म्हणाला. "पाच किलोमीटर पिठ्ठू-रायफल घेऊन मारतो. नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करतो. रस्सा चढतो. मी कच्चा आहे तीन गोष्टींत. नकाशा. लिहिणं. आणि उभं राहून शिकवणं. चार माणसांसमोर उभा राहिलो की माझी जीभ लाकूड होते."

आता खरं लिहितो. हे ऐकून मला बरं वाटलं. कुठंतरी आत, बेंबीजवळ, गार वाटलं. कारण २०१८ च्या भरतीत आम्ही दोघं एकाच पहाटे, एकाच मैदानावर, एकाच घोळक्यात पळालो होतो. सोळाशे मीटर. मी रात्रपाळी करून थेट गेलेलो. तो पास झाला, मी काही सेकंदांनी राहिलो. पुढच्या वर्षी डॉक्टरी तपासणीत राहिलो. मग २०२० आणि २०२१ कोरोनात भरतीच झाली नाही. २०२२ ला अग्निवीर आलं. त्या एका सालापुरती वयाची मर्यादा तेवीस केली आणि मी चोविसात गेलो होतो. माझा विषय संपला. तेव्हापासून मी दोन प्रकारची वाक्यं बोलायचो. चाळीत म्हणायचो, "आपला बारक्या देशाची सेवा करतो." अभ्यासमंडळात म्हणायचो, "फौज कुणाची? सरकारची. आपलं काय तिथं?" दोन्ही वाक्यांत माझं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो. त्याच्याबरोबर पळायचं ठरवलं. रेल्वेपुलाखालनं पश्चिमेला. तिथनं उत्तनच्या रस्त्यानं मुर्धा, राई, मोर्वा. उजव्या-डाव्या हाताला मिठागरं. पाणी काळं आणि सपाट. मिठाचे ढीग अंधारातही पांढरे दिसतात. त्याच्या पाठीला पिठ्ठू, त्यात माझ्या आईनं भरलेले तांदळाचे दोन पुडे आणि एक वीट. माझ्या पाठीला काहीच नाही, तरी राईच्या अलीकडेच माझा दम तुटला. बारा बारा तास भट्टीसमोर उभा राहणारा माणूस पळू शकत नाही. तो मागं वळून आला. म्हणाला नाही की चल. नुसता बाजूला येऊन माझ्या चालीनं चालायला लागला. मी म्हणलं, "तू जा." तो म्हणाला, "सेक्शन सगळ्यात हळू माणसाच्या चालीनं चालतो, दादा." हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. याची जीभ लाकूड होते म्हणे.

तिथंच मिठागराच्या बांधावर आम्ही पावलं मोजायला शिकलो. शंभर मीटर मापून दोन दगड ठेवले. त्याची एकशेवीस पावलं भरली, माझी एकशेएकतीस. अंधारात, धुक्यात, जिथं खूण दिसत नाही, तिथं पावलंच मोजायची. प्रत्येक शंभर मीटरला एक खडा या खिशातनं त्या खिशात टाकायचा. दहा खडे झाले की एक किलोमीटर.

नकाशाचं सांगतो. मिलिटरीचा नकाशा घरी आणता येत नाही, आणूही नये. आम्ही खाकी कागदावर आमचाच केला. भाईंदर, खाडी, रेल्वेपूल, मिठागरं, घोडबंदरचा किल्ला. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडले. सहा आकड्यांत जागा सांगायची ती अशी: पहिले तीन आकडे डावीकडून उजवीकडे, नंतरचे तीन खालून वर. आधी घरात शिरायचं, मग जिना चढायचा. हे मीच त्याला सांगितलं आणि त्याच्या डोक्यात बसलं. असा आकडा सांगितला की शंभर मीटरच्या चौकोनात माणूस सापडतो. उलटी दिशा काढायची तर एकशेऐंशीपेक्षा कमी असेल तर एकशेऐंशी मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. उत्तरा तीन असतात. एक खरी ध्रुवाकडची, एक नकाशाच्या रेघांची, एक होकायंत्राच्या सुईची. तिन्ही एका रेघेत येतीलच असं नाही. मी म्हणलं, "आपल्या चळवळीसारखं." तो हसला नाही. त्याला माझे विनोद कळत नाहीत.

उंचीच्या रेघा त्याला कळेनात. मग एका रविवारी घोडबंदरला गेलो. किल्ल्याच्या टेकडीवर चढताना सांगितलं, जिथं दम लागतो तिथं रेघा जवळ जवळ, जिथं बिडी ओढत चालता येतं तिथं लांब लांब. उतरेपर्यंत त्याला कळलं होतं. आणि मलाही. खरं तर मी आदल्या रात्रीच हे वाचलं होतं. त्याच्या एक पान पुढं राहून मी मास्तर झालो होतो. आपले किती मास्तर असेच झाले असतील.

मंडळातला एक मित्र या सगळ्यावर नाराज होता. शनिवारच्या बैठकीत सरळ म्हणाला, "कवी आता हवालदार तयार करतोय. फौजेत जाऊन आपल्याला काय मिळालं? १८१८ ला लढलो, १८९२ ला हाकलले गेलो."

मी त्याच्यावर चिडलो, पण घरी येऊन पुस्तकं काढली. चिडण्यापेक्षा ते बरं. तो म्हणतो ते खरं आहे. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांची एकोणपन्नास नावं आहेत. त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे आपली. बाकीची दुसऱ्यांची आहेत, तेही सांगायला पाहिजे. आणि १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेही खरं. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती असा त्यांनी हिशेब मांडला. स्तंभ तसाच उभा राहिला आणि त्यावरच्या नावांचे नातू बिनलढवय्ये ठरले.

पण मधल्या काळात काय झालं? छावण्यांत शाळा होत्या. शिपायाला शिकावं लागे, त्याची पोरं शिकत, काही ठिकाणी पोरीही शिकल्या. गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसवणाऱ्या त्या काळात छावणीतल्या शाळेत बाकावर बसता येत होतं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या पोराचं नाव सांगायची गरज नाही. आणि गोपाळबाबा वलंगकर? १८८६ ला पेन्शनीत निघाले. हुद्दा हवालदार. तीन फिती. १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर सवाल टाकले. भरती बंद झाली तेव्हा १८९४ च्या सुमारास सरकारकडे अर्ज लिहिणारे तेच. पुढं १९१० ला पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली. गरज सरली आणि १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. शेवटी १९४१ च्या जुलैत बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

कुठं? बेळगावला.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी त्याला उठवलं. म्हणलं, "ऊठ रे. तू जिथं शिकायला चाललायस तिथंच पहिली पलटण उभी राहिली होती." तो डोळे चोळत म्हणाला, "बेळगावात?" म्हणलं, "बेळगावात. आता कागदोपत्री बेळगावी, २०१४ पासून. पण गाव तेच." बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "त्यांच्यातही नाईक असतील ना, दादा? त्यांनाही पहिल्या दिवशी जीभ लाकूड झाली असेल."

पुढच्या बैठकीत मी मित्राला एवढंच म्हणलं: "आपला पहिला लेखक रिटायर हवालदार होता. हुकूम घेणाऱ्या माणसानं अर्ज लिहिला. पलटणीत फक्त बंदूक मिळाली असती तर बंद झाल्यावर संपलं असतं. अक्षर मिळालं होतं, म्हणून संपलं नाही." मित्र म्हणाला, "तरी सरकारचीच फौज." मी म्हणलं, "हो." त्याचा मुद्दा अजून उभा आहे. मी तो पाडलेला नाही.

आता लिहिणं आणि बोलणं. हुकमाला त्यांच्यात क्रम असतो. आधी खबर: दुश्मन कुठं, आपले कुठं. मग मकसद: करायचं काय, एकाच वाक्यात, आणि ते दोनदा सांगायचं. मग तरीका: कोण कुठनं जाणार. मग बंदोबस्त: पाणी, दारूगोळा, जखमीला कुठं न्यायचं. शेवटी कमान आणि सिग्नल: मी पडलो तर कोण पुढं होणार आणि खूण कोणती. ही शेवटची गोष्ट ऐकून मी गप्प झालो. आपल्या कुठल्या मोर्चात, कुठल्या मंडळात आपण आधी सांगून ठेवतो की मी पडलो तर पुढं कोण? आपल्याकडं नेता पडला की चार गट होतात.

मी त्याला मिलमधलं सांगितलं. आमच्या मशीनवर एक जण तापलेली पट्टी रोलात घालतो, पलीकडं दुसरा सांडशीनं धरून परत देतो. आवाज एवढा की शेजारच्याची शिवी ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी अलीकडून एक ओरडला, "रहने दे." पलीकडच्याला ऐकू आलं, "जाने दे." एकोणीस वर्षांचं पोर, बिहारचं. दोन बोटं गेली. मालकानं आठवडाभर औषधाला दिलं आणि नंतर पोर दिसलं नाही. मी कारखान्याचं नाव लिहीत नाही, लिहून बोटं यायची नाहीत. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा जण बसलो. मुकादमाला विचारलं नाही. ठरवलं: थांबवायचं तर तोंडानं ओरडायचंच नाही. सळई दोनदा लोखंडावर मारायची आणि हात वर करायचा. समोरच्यानंही हात वर करून दाखवायचा. त्याचा हात दिसला नाही तर हुकूम पोचला नाही असं समजायचं. तेव्हापासून आमच्या मशीनवर कुणाचं बोट गेलेलं नाही.

तो म्हणाला, "हेच, दादा. हेच तिथं शिकवतात. बोललेला हुकूम हुकूम नाही. पोचलेला हुकूम हुकूम."

शिकवण्याचाही त्यांचा एक शिरस्ता आहे. आधी तोंडी बयान, मग करून नमुना, मग समोरच्याकडून नक्कल. आणि शेवटी उस्ताद विचारतो, "कोई शक?" सगळे एका सुरात, "नहीं, उस्ताद." मग धडा संपतो.

म्हणलं, धडा आपल्याच पोरांना दे. वस्तीतल्या विहाराच्या गच्चीवर मंडळातली नऊ जणं जमवली. सहा पोरं, तीन पोरी. गच्चीवर वाळूचा नमुना केला. त्याला ते सँड मॉडेल म्हणतात. बांधकामाची उरलेली वाळू, विटांचा चुरा म्हणजे रस्ता, निळी रांगोळी म्हणजे खाडी, हिरवी रांगोळी म्हणजे तिवरं, काडेपेट्या म्हणजे घरं. वरून दोऱ्याचे चौकोन. मामा पालिकेच्या ठेक्यावर झाडूवर आहे. पाचला उठून हजेरीला जातो. तोही येऊन कठड्याला टेकला. हजेरी त्याच्याकडंही, हजेरी पोराकडंही. एकाची झाडू घेऊन, एकाची रायफल घेऊन.

पोरगा उभा राहिला. हातात छडी. आणि जीभ लाकूड झाली. मिनिटभर काहीच नाही. खाली लोकलचा भोंगा वाजला. मी मान खाली घातली. खरं सांगतो, आता मला गार वाटत नव्हतं. माझ्याच पोटात कालवत होतं.

मग त्यानं छडी खाली ठेवली. खाली बसला, वाळूजवळ, उकिडवा. आणि बोलायला लागला. हळू. खबर. मकसद. मकसद दोनदा. तरीका. "तुम्ही तिघं बांधाच्या आडानं, मी या तिघांना घेऊन खाडी उतरून पलीकडं, उरलेले तिघं इथं थांबून आम्हाला आड देणार." बंदोबस्त. कमान आणि सिग्नल. मग उभा राहिला आणि फौजी आवाजात म्हणाला, "कोई शक?"

आमच्यातली एक पोरगी नर्सिंग शिकते. तिनं हात वर केला. "मला आहे."

तो गडबडला. याची सवय नव्हती.

ती म्हणाली, "तू शक विचारतोस ते ऐकायला, का धडा संपला हे सांगायला?"

सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "ऐकायला."

"मग तुझा रस्ता चुकला. तू किती वाजता खाडी उतरणार? पहाटे चारला म्हणालास. उद्या पौर्णिमा आहे. उधाणाची भरती असते. माझा बाप मिठागरावर होता. तुझे तिघं आधी भरतीची वेळ बघतात का तसेच बुडतात?"

वाळूतली निळी रांगोळी जिथल्या तिथंच होती. तिला भरती येत नाही. नकाशालाही येत नाही. त्यानं परत खाली बसून रस्ता बदलला. खाडी सोडून रेल्वेच्या बांधाकडून नेलं. मग हुकूम पहिल्यापासून परत दिला. या वेळी शेवटी 'कोई शक' म्हणलं नाही. एकेकाकडं बोट करून म्हणाला, "तू काय करणार, सांग. मी पडलो तर तू काय करणार, सांग." नवाच्या नवांनी सांगितलं. शेवटी मामाकडं बघून म्हणाला, "आणि तुम्ही?" मामा म्हणाला, "मी पाणी आणतो." हे हसण्यावारी गेलं, पण त्याच्या बंदोबस्तात पाणी राहून गेलं होतं.

त्या रात्री तो मला बांधावर घेऊन गेला. म्हणाला, जीभ कधीपासून लाकूड होते ते सांगतो. एका ठिकाणी, तीन वर्षांपूर्वी, पहिली फीत लागली तेव्हा. त्याच्या हाताखालचा एक जण बराकीत बाकीच्यांना म्हणाला, "कोटेवाला लान्स नाईक है." यानं ऐकलं. दोस्तहो, फौजेच्या भरतीत आणि बढतीत जातीचं आरक्षण नाही. नाहीच. यानं फीत पळून, परीक्षा देऊन, बर्फात उभं राहून मिळवली. पण ज्याला म्हणायचंय त्याला नियम लागत नाही. आपण आरक्षणानं गेलो तरी कोटेवाला, बिनआरक्षणानं गेलो तरी कोटेवाला.

मी पेटलो. म्हणलं, "तक्रार का नाही केलीस? लेखी का नाही दिलंस?"

म्हणाला, "त्याच रात्री गस्त होती, दादा. तो माझ्या मागंच होता. माझी पाठ त्याच्या रायफलकडं आणि त्याचा जीव माझ्या हुकमावर. मी हुकूम दिला. त्याच्याकडून परत वदवून घेतला. सगळ्यांना जिवंत परत आणलं. दुसऱ्या दिवशी वाटलं बोलावं. तेव्हापासून माणसांसमोर उभा राहिलो की पहिलं हेच येतं, यातला कोण मनात काय म्हणत असेल. आणि तोंड मिटतं."

मी म्हणलं, "तू गिळलंस." तो म्हणाला, "गिळलं. आता चुकलं असं वाटतं. त्याला सगळ्यांसमोर विचारायला पाहिजे होतं. गस्तीच्या आधी नाही, पण नंतर नक्की." मग म्हणाला, "तिथं मी नुसतं कोई शक विचारायचो. त्याच्या मनात माझ्याबद्दल शक होता आणि तो नहीं साब म्हणायचा. आज त्या पोरीनं हात वर केला तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. जो तोंडावर शक काढतो त्याच्याबरोबर रात्री चालता येतं."

मी कवी म्हणवतो. एवढं सरळ वाक्य मला सहा वर्षांत लिहिता आलेलं नाही. मीही त्याला सांगितलं. २०१८ चं मैदान, तो पुढं गेला ते, आणि महिन्याभरापूर्वी तो कच्चा आहे ऐकून मला गार वाटलं ते. तो म्हणाला, "मला माहीत होतं." म्हणलं, "मग माझ्याकडं का आलास?" म्हणाला, "तू शिकवलंस ना?"

शेवटच्या आठवड्यात रोज एक पान लिहून घेतलं. त्याची हिंदी बरी, मराठी बरी, पण वाक्य सुरू झालं की संपत नसे. मी तांबड्या पेनानं कापायचो. एका वाक्यात एक काम. मकसद दोन ओळींत बसला नाही तर मकसदच कळलेला नाही. हे कवितेलाही लागू आहे, पण ते त्याला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी काळी ट्रंक भरली. मामीनं तिळाची चटणी दिली, आईनं भाकरी. तो आधी पलटणीत हजर होणार, तिथनं बेळगाव. भाईंदर स्टेशनला संध्याकाळच्या उलट्या गर्दीत ट्रंक डोक्यावर घेऊन चढलो, बांद्र्यापर्यंत गेलो. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा राहून ओरडला, "दादा, कोई शक?" मी ओरडलो, "आहे!" पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

निकाल अजून लागलेला नाही. ग्रेड कुठली मिळेल मला माहीत नाही. तो विषय त्याचा आणि त्याच्या कागदाचा. आपल्याकडं काय उरलं ते सांगून थांबतो.

गच्चीवरची वाळू आम्ही झाडली नाही. खाडी पुसली आणि तिथं आमची वस्ती मांडली. निळी रांगोळी आता नळांची आहे, विटांचा चुरा तुंबलेल्या गटारांचा, काळे खडे जिथं दिवा लागत नाही त्या खांबांचे. पावलं मोजून मापं घेतली. आता अर्ज लिहायचा तर आमच्याकडं पाणी येत नाही असं मोघम लिहीत नाही. कुठला नळ, किती पावलांवर, किती वाजता बंद, किती घरं. नाराज मित्रही मोजायला आला होता. त्याचं म्हणणं अजून तेच आहे. पण त्याची पावलं माझ्यापेक्षा नीट भरतात.

आणि मंडळात एक बदल झालाय. आता जो बोलायला उभा राहतो त्यानं शेवटी, मी पडलो तर पुढं कोण, हे सांगायचं. मग शक विचारायचा. आणि कुणी हात वर केल्याशिवाय बैठक उठवायची नाही. गेल्या शनिवारी नऊ वाजले तरी कुणी हात वर करेना. शेवटी मामानं केला. म्हणाला, "पाणी कुणी आणलंय का?"

कुणीच आणलं नव्हतं.